हृदयाची भिंत जाड, पण कारण सापडत नाही: मागे लपलेले दुर्मीळ आनुवंशिक आजार कसे ओळखायचे?

स्पंदन

इको (हृदयाची सोनोग्राफी) रिपोर्टात डाव्या जवनिकेची (शरीरभर रक्त ढकलणाऱ्या कप्प्याची) भिंत जाड असल्याचं येतं, कारण म्हणून 'रक्तदाब' नाहीतर 'हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी' (हृदयाचा स्नायूच जाड होण्याचा आजार) लिहिलं जातं आणि शोध तिथेच थांबतो. त्याच्या पुढचं बोलायला हा धागा काढतोय. ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध आहे त्यांनी आपापल्या भागातलं नेमकं लिहावं.

आधी मोजमापं. प्रौढांमध्ये जवनिकेच्या कोणत्याही एका भागात १५ मिमी किंवा त्याहून जास्त जाडी असेल आणि रक्तदाब किंवा महाधमनीची अरुंद झालेली झडप यांनी तिचा हिशेब लागत नसेल, तर ती 'विनाकारण' जाडी समजायची. घरात कुणाला आधीच निदान झालेलं असेल तर आईवडील, भावंडं, मुलं यांच्यात १३ मिमीसुद्धा पुरते. मुलांमध्ये नुसते मिलिमीटर बघून चालत नाही, शरीराच्या आकारानुसार काढलेला झेड-स्कोअर (सरासरीपासून किती दूर, याचा आकडा) लागतो आणि तो २ च्या वर गेला की शोध सुरू करायचा.

हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी साधारण ५०० माणसांत एकाला असते. जनुकीय कारण सापडतं तेव्हा ते बहुतेक वेळा स्नायूच्या आकुंचन पावणाऱ्या धाग्यांत, म्हणजे सार्कोमिअरमध्ये असतं. एमवायबीपीसी३ आणि एमवायएच७ ही त्यातली दोन मुख्य जनुकं. पण काहींच्या भिंतीत स्नायू वाढलेलाच नसतो. पेशीत चरबी किंवा ग्लायकोजेन (साठवणीची साखर) साठलेलं असतं, नाहीतर पेशींच्या मधल्या जागेत अमायलॉइड, म्हणजे चुकीची घडी पडलेलं प्रथिन, बसलेलं असतं. इकोवर हे सगळं सारखंच दिसतं. फॅब्री, ट्रान्सथायरेटिन (रक्तातलं एक प्रथिन) अमायलॉइडोसिस, डॅनन, पीआरकेएजी२ (जनुकाच्याच नावाने ओळखला जाणारा आजार), पॉम्पे, फ्रीडरिक अटॅक्सिया, नूनान आणि मायटोकॉन्ड्रियाचे आजार ही या गटातली मुख्य नावं. यांतल्या काहींवर थेट मुळावर घाव घालणारं औषध आहे, पण ते लवकर सुरू झालं तरच त्याचा पुरेसा उपयोग होतो. म्हणून ही धडपड.

वयावरून अर्धी दिशा कळते. पहिल्या वर्षात पॉम्पे, नूनान, मायटोकॉन्ड्रिया. किशोरवयात डॅनन, पीआरकेएजी२, फ्रीडरिक. तिशी ते पन्नाशीत फॅब्री. साठीनंतर अमायलॉइड. अपवाद आहेत, पण सुरुवात इथून करावी.

रेघोटी

ईसीजीबद्दल लिहितो, कारण सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित तपासणी तीच आहे. इको आणि ईसीजी शेजारी ठेवून वाचायचे. दोन्हींचा मेळ बसतो का, एवढाच प्रश्न.

भिंत १७ मिमी आणि हातापायांच्या सगळ्या लीडमध्ये (जोडणीनुसार निघणाऱ्या रेघांत) क्यूआरएस, म्हणजे जवनिकेच्या ठोक्याची उंच लाट, ५ मिमीपेक्षा बुटका, असं दिसलं की अमायलॉइडचा विचार लगेच करायचा. जाड झालेला स्नायू विद्युतदृष्ट्या मोठा आवाज करतो. भिंतीत प्रथिन बसलेलं असेल तर जाडी वाढते, आवाज वाढत नाही. पण इथे एक चूक सर्रास होते: व्होल्टेज नॉर्मल आहे म्हणून अमायलॉइड नाही, असं ठरवून टाकतात. ट्रान्सथायरेटिन प्रकारात निम्म्याहून अधिक रुग्णांत व्होल्टेज कमी नसतं. 'जाडीच्या मानाने कमी' आहे का ते पाहायचं. छातीच्या पहिल्या तीन लीडमध्ये क्यू लाटा दिसतात आणि जुना हार्ट अटॅक येऊन गेला असं वाटतं, पण अँजिओग्राफी स्वच्छ निघते. हीही त्याचीच खूण.

पीआर अंतर (विद्युत संदेश कर्णिकेतून जवनिकेपर्यंत पोचायला लागणारा वेळ) १२० मिलिसेकंदांपेक्षा कमी असेल तर दुसरी यादी उघडायची. डेल्टा लाट, म्हणजे क्यूआरएसच्या सुरुवातीचा तिरका चढ, असेल तर डॅनन किंवा पीआरकेएजी२. डेल्टा लाट नाही, पण पीआर आखूड आहे, तर फॅब्रीची सुरुवातीची अवस्था किंवा लहान बाळात पॉम्पे. पॉम्पेच्या बाळाचा क्यूआरएस इतका प्रचंड असतो की कागदावर एका लीडची रेघ दुसरीत घुसते.

पुढच्या वर्षांत चित्र उलटतं. फॅब्री आणि पीआरकेएजी२ दोन्हींत वहनाची, म्हणजे विद्युत संदेशाची, वाट हळूहळू बंद होत जाते, नाडी मंदावते, व्यायामात ठोके वाढत नाहीत. चाळिशीच्या आत पेसमेकर आणि सोबत जाड भिंत, अशी जोडी दिसली तर जनुक तपासल्याशिवाय सोडू नये. पीआरकेएजी२ मधली जास्तीची वाट बहुतेकदा हिस बंडलपासून (मूळ वाटेच्या एका भागापासून) थेट जवनिकेच्या स्नायूत जाते. तिच्यामुळे ठोके धावत नाहीत आणि ती जाळून फायदा होत नाही. उलट अ‍ॅब्लेशन करताना मूळ वाटेलाच इजा होऊन ब्लॉक येण्याचा धोका. म्हणून आधी निदान.

पहिली_पायरी

उत्तम धागा. माझा प्रश्न तालुका पातळीवर किंवा छोट्या दवाखान्यात काम करणाऱ्यांच्या वतीने. एमआरआय, जनुकतपासणी हे सगळं पुढचं. पहिल्या भेटीत, हातात स्टेथोस्कोप, ईसीजी आणि लघवीची पट्टी एवढंच असताना काय विचारावं आणि काय बघावं?

वंशवेल

पहिली_पायरी, कागद घ्या आणि तीन पिढ्यांची वंशावळ काढा. याला वीस मिनिटं लागतात आणि ती वाया जात नाहीत. 'घरात कुणाला हृदयविकार आहे का?' असं विचारलंत तर 'नाही' असंच उत्तर येईल, कारण हे आजार घरात वेगवेगळ्या नावांनी वावरतात. त्यामुळे प्रश्न सुटे सुटे करा:

कुणाला डायलिसिस लागलं का? पन्नाशीच्या आत पक्षाघात? कमी वयात पेसमेकर? झोपेत किंवा खेळताना अचानक मृत्यू? दोन्ही मनगटांचं कार्पल टनेलचं (दाबलेल्या नसेचं) ऑपरेशन? कमी वयात श्रवणयंत्र? मधुमेह आणि बहिरेपण एकत्र? वर्षाच्या आत दगावलेली बाळं? आईवडील नात्यातले आहेत का?

मग आजार कसा उतरलाय ते पाहा. बापाकडून मुलाकडे गेलेला दिसला तर फॅब्री आणि डॅनन बाद, कारण दोन्ही एक्स गुणसूत्रावर आहेत आणि बाप मुलाला वाय देतो. फॅब्री असलेल्या पुरुषाच्या सगळ्या मुलींत तो बदल जातोच, मुलांत एकातही नाही. फक्त आईच्या बाजूने, मुलगे-मुली दोघांतही, तर मायटोकॉन्ड्रिया. दर पिढीत निम्म्यांना, बाप-मुलगा असाही, तर ट्रान्सथायरेटिन, पीआरकेएजी२ किंवा नेहमीचे सार्कोमिअरचे आजार. भावंडांतच दिसतो आणि आईवडील ठणठणीत, तर पॉम्पे किंवा फ्रीडरिक.

शरीर तपासताना कपडे काढून तपासा. फॅब्रीचे गडद लाल ठिपके, अँजिओकेराटोमा, बेंबीपासून मांड्यांपर्यंतच्या पट्ट्यात असतात. नुसता शर्ट वर करून ते सापडत नाहीत. दाबल्यावर ते पूर्ण फिके पडत नाहीत. लहानपणी ताप आला किंवा ऊन लागलं की तळहात-तळपाय जळत होते का, घाम येतो का, हे मुद्दाम विचारा. मोठी माणसं हे विसरलेली असतात, कारण त्यांना तेव्हा 'वाढत्या वयाचं दुखणं' म्हणून सांगितलेलं असतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवताना चिठ्ठीत 'स्लिट लॅम्पवर पारपटलावर भोवऱ्यासारख्या रेषा आहेत का?' असं स्पष्ट लिहा. त्यांनी नजर अधू होत नाही, त्यामुळे न विचारता कुणी शोधत नाही. अ‍ॅमिओडॅरोन आणि क्लोरोक्वीन गटातल्या औषधांनीही तशाच रेषा उमटतात, म्हणून औषधांची यादी सोबत द्या.

दंड आखडून बायसेप्सचा गोळा कोपराकडे घसरलेला दिसतो का, ते बघा. बायसेप्सचा कंडरा आपोआप तुटणं, दोन्ही हातांना कार्पल टनेल, कमरेच्या मणक्यातली अरुंद झालेली नळी: ट्रान्सथायरेटिन अमायलॉइडच्या या खुणा हृदयाच्या ५ ते १० वर्षं आधी येऊ शकतात. 'आताशा बीपीच्या गोळ्या सोसत नाहीत, चक्कर येते, बंद केल्या' हे वाक्य जाड भिंतीच्या वयस्क रुग्णाकडून ऐकलं तर ते ठळक लिहून ठेवा.

आणि लघवीची पट्टी. प्रथिन असेल तर फॅब्री आणि अमायलॉइड दोन्ही यादीत वर येतात.

स्पंदन

वर भर म्हणून: रक्तात सीके (स्नायूतलं एन्झाइम) जरूर करा. किशोरवयीन मुलगा, भिंत २५-३० मिमी, शिकण्यात मागे आणि एएसटी-एएलटी (सहसा यकृताची समजली जाणारी एन्झाइम्स) वाढलेले, असा रुग्ण यकृताच्या डॉक्टरांकडे फिरत राहतो. जीजीटी (यकृताचं एन्झाइम) नॉर्मल आणि सीके वाढलेलं असेल तर ती एन्झाइम्स यकृतातून नाहीत, स्नायूतून येताहेत. ईसीजीवर डेल्टा लाट असेल तर डॅननसाठी एलएएमपी२ जनुक लगेच. या मुलांमध्ये आजार वेगाने पुढे जातो आणि विशीच्या आसपास हृदय प्रत्यारोपणाची गरज पडते, म्हणून प्रत्यारोपण केंद्राशी संपर्क निदानाच्या आठवड्यातच करावा. आईलाही तपासा. स्त्रियांत तो उशिरा आणि कधी कधी ताणलेल्या, पातळ भिंतीच्या हृदयाच्या रूपात येतो.

गॅमा

अमायलॉइडच्या स्कॅनबद्दल लिहिणं भाग आहे. इथल्या चुका जिवावर बेततात.

टेक्नेशियम हे किरणोत्सर्गी द्रव्य जोडलेलं पायरोफॉस्फेट, डीपीडी किंवा एचएमडीपी वापरून हृदयात किती शोषण होतं ते बघतात. बरगड्यांशी तुलना करून ० ते ३ श्रेणी देतात: १ म्हणजे बरगडीपेक्षा कमी, २ म्हणजे बरोबरीने, ३ म्हणजे जास्त. हाडांच्या नेहमीच्या स्कॅनसाठी वापरलं जाणारं एमडीपी इथे चालत नाही. त्यावर 'निगेटिव्ह' आलं तर त्या निगेटिव्हला काही अर्थ नाही.

सपाट चित्रावर विसंबू नका. जवनिकेच्या पोकळीतलं रक्तच चमकत असेल तर सपाट चित्रात ते भिंतीसारखं दिसतं. स्पेक्ट (त्रिमितीय स्कॅन) करून चमक खरोखर भिंतीत आहे हे पाहायलाच हवं. तासाभराने घेतलेल्या चित्रात रक्त जास्त दिसतं, ३ तासांनी ते निवळतं. नुकताच हार्ट अटॅक आला असेल किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनची इजा असेल तरी शोषण दिसू शकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. श्रेणी २ किंवा ३ आली म्हणून ट्रान्सथायरेटिन असं जाहीर करायचं नाही, जोवर तीन तपासण्या नॉर्मल आलेल्या नाहीत: रक्तातल्या मुक्त लाइट चेन (प्रतिपिंडांचे सुटे तुकडे), रक्ताचं इम्युनोफिक्सेशन (असामान्य प्रतिपिंड शोधणारी तपासणी), लघवीचं इम्युनोफिक्सेशन. नुसतं प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस पुरत नाही, त्यात छोटा क्लोन (एकाच बिघडलेल्या पेशीची प्रजा) निसटतो. कप्पा-लॅम्ब्डा (लाइट चेनचे दोन प्रकार) गुणोत्तराची नेहमीची मर्यादा ०.२६ ते १.६५, पण मूत्रपिंड मंद असेल तर ती वरच्या बाजूला सरकते, तेव्हा क्रिएटिनिन बघून वाचा.

लाइट चेनचा, म्हणजे एएल अमायलॉइडोसिस आनुवंशिक नाही. तरी या रांगेत तो पहिला तपासायचा, कारण हृदयात शिरलेला एएल उपचाराविना काही महिन्यांत प्राण घेतो आणि त्याचा उपचार केमोथेरपीच्या धर्तीवरचा, रक्तविकारतज्ज्ञांकडचा आहे. स्कॅनची तारीख मिळेपर्यंत या तपासण्या थांबवू नका. रक्त आणि लघवी त्याच दिवशी पाठवा. एएलमध्येही स्कॅन चमकू शकतो, हे विसरल्यामुळे रुग्णाला चुकीचं औषध मिळतं आणि हातचा वेळ जातो.

तीनही नॉर्मल आणि स्पेक्टवर श्रेणी २-३, तर बायोप्सीशिवाय ट्रान्सथायरेटिन निश्चित. त्यानंतर टीटीआर (ट्रान्सथायरेटिनचं) जनुक प्रत्येकाचं तपासायचं, वय ८० असलं तरी. आनुवंशिक निघाला तर मुलाबाळांचा प्रश्न उभा राहतो. उलट बाजूही सांगतो: टीटीआरमधल्या, कमी वयात सुरू होणाऱ्या व्हॅल३०मेटसारख्या काही बदलांत स्कॅन निगेटिव्ह येऊ शकतो. संशय दाट असेल तर ऊतीचा तुकडा घ्या.

रेघोटी

इको करणाऱ्यांसाठी दोन ओळी. स्ट्रेनचा (भिंतीचा कोणता भाग किती आकुंचन पावतो याचा) गोल नकाशा काढा. टोकाकडचा भाग चांगला आकुंचन पावतोय आणि तळाकडचा फिका पडलाय, असं दिसलं तर अमायलॉइड. फॅब्रीमध्ये तळाकडची मागची-बाजूची भिंत आधी मंदावते. कर्णिकांमधला पडदा, झडपा आणि उजव्या जवनिकेची भिंत जाड आहेत का, हृदयाभोवती थोडं पाणी आहे का, हे रिपोर्टात लिहाच. आतल्या थरात दुहेरी रेघ दिसते म्हणून फॅब्री ठरवू नका, ती खूण भरवशाची ठरलेली नाही.

एमआरआयमध्ये टी१ मॅपिंग (स्नायूत काय साठलंय त्यानुसार बदलणारं मोजमाप) मागून घ्या, ते आपोआप होत नाही. फॅब्रीत मूळ टी१ कमी असतो, कारण पेशीत चरबी आहे. अमायलॉइडमध्ये तो बराच वाढतो आणि पेशींबाहेरच्या जागेचं प्रमाण ४० टक्क्यांच्या वर जातं. फॅब्रीत पुढे व्रण वाढले की कमी झालेला टी१ पुन्हा 'नॉर्मल' दिसू लागतो. त्यामुळे उशिराच्या अवस्थेत नॉर्मल टी१ वरून फॅब्री वगळू नये.

वंशवेल

फॅब्रीची तपासणी पुरुष आणि स्त्रीसाठी वेगळी आहे, आणि सर्वाधिक निदानं इथेच हुकतात.

पुरुषात अल्फा-गॅलॅक्टोसिडेज ए या एन्झाइमची पातळी मोजा. कमी आली तर जीएलए (हे एन्झाइम बनवणाऱ्या) जनुकावर शिक्कामोर्तब करा. स्त्रीत एन्झाइम पूर्ण नॉर्मल येऊ शकतं, कारण तिच्या निम्म्या-अधिक पेशी चांगल्या एक्सवर चालत असतात. म्हणून स्त्रीसाठी थेट जीएलए जनुक, सोबत रक्तातलं लायसो-जीबी३ (फॅब्रीत साठणाऱ्या चरबीचा एक प्रकार). 'एन्झाइम नॉर्मल, फॅब्री नाही' असा निष्कर्ष स्त्रीच्या रिपोर्टावर लिहिलेला दिसला तर तो बाजूला ठेवा. आणि स्त्रिया नुसत्या वाहक असतात हा समज सोडा. त्यांचं हृदय, मूत्रपिंड, मेंदू सगळं बाधित होतं, फक्त उशिरा.

कागदावर वाळवलेल्या रक्ताचा नमुना पाठवत असाल तर: वर्तुळ एकाच बाजूने एका मोठ्या थेंबाने पूर्ण भरा, थेंबावर थेंब टाकू नका. कार्ड आडवं ठेवून, कशालाही टेकू न देता, सावलीत ३ ते ४ तास वाळवा. ड्रायर किंवा ऊन नको. पूर्ण वाळल्यावरच ओलावा शोषणाऱ्या पुडीसह बंद पिशवीत घाला. दमट हवेत किंवा उष्णतेत पडून राहिलेल्या कार्डातलं एन्झाइम मरतं आणि पातळी खोटी कमी येते. म्हणून कार्डावर कमी आलेलं एन्झाइम पांढऱ्या पेशींवर पुन्हा मोजून घ्यावं. डी३१३वाय नावाचा बदल प्लाझ्मातली पातळी कमी दाखवतो, पण त्याने फॅब्री होतो असं धरत नाहीत.

निदान झालं की दर दोन आठवड्यांनी शिरेतून एन्झाइम (अ‍ॅगॅल्सिडेज बीटा किलोमागे १ मिग्रॅ, अल्फा किलोमागे ०.२ मिग्रॅ) किंवा ठरावीक बदलांसाठीच चालणारी मिगालास्टॅटची १२३ मिग्रॅची गोळी दिवसाआड. भिंतीत व्रण पसरल्यानंतर दोन्हींचा हृदयावरचा परिणाम तोकडा पडतो.

पावलं_पावलं

बाळांबद्दल. आईला मधुमेह असेल तर नवजाताची भिंत जाड असू शकते, पण ती काही महिन्यांत आपोआप उतरते. उतरत नसेल तर ते कारण धरून बसू नका.

मान न धरणारं, लुळं बाळ, मोठी जीभ, दूध पिताना दम आणि वर सांगितलेला ईसीजी: पॉम्पेसाठी जीएए एन्झाइमचं कार्ड त्याच दिवशी. उपचाराविना यातली बहुतेक बाळं पहिला वाढदिवस बघत नाहीत. अल्ग्लुकोसिडेज अल्फा सुरू करण्याआधी बाळाच्या शरीरात ते प्रथिन थोडं तरी बनतं का, हे तपासावं लागतं. अजिबात बनत नसेल तर शरीर औषधालाच परकं समजून प्रतिपिंडं तयार करतं, म्हणून प्रतिकारशक्ती शांत करणारी औषधं पहिल्या डोसाच्या सोबतच द्यावी लागतात.

नूनानसाठी चेहरा नीट बघा: डोळ्यांत जास्त अंतर, खाली झुकलेल्या पापण्या, खाली बसलेले कान, रुंद मान, सोबत फुप्फुसाच्या धमनीची अरुंद झडप. ईसीजीचा अक्ष वर-उजवीकडे गेलेला असतो. आरएएफ१ जनुकातला बदल असेल तर भिंत जाड होण्याचं प्रमाण फार जास्त. एक विनंती: आईवडिलांकडेही त्याच नजरेने पाहा, अनेकदा त्यातल्या एकाला सौम्य नूनान असतो आणि तो आयुष्यभर कुणी ओळखलेला नसतो.

पहिली_पायरी

सगळं एकाच जनुक-पॅनेलवर (अनेक जनुकं एकदम वाचणाऱ्या तपासणीत) नाही का निघणार? पॅनेल पाठवलं आणि निगेटिव्ह आलं, की मोकळे?

वंशवेल

नाही. पाठवण्याआधी पॅनेलमधल्या जनुकांची यादी मागवा. जीएलए, एलएएमपी२, पीआरकेएजी२, टीटीआर, पीटीपीएन११, आरएएफ१, एफएचएल१ ही त्यात हवीतच. काही 'हायपरट्रॉफिक' पॅनेल फक्त सार्कोमिअरची असतात.

यादीत नाव असूनही निसटणाऱ्या गोष्टी आहेत. फ्रीडरिकमध्ये एफएक्सएन जनुकात जीएए ही तीन अक्षरं (पॉम्पेच्या जीएए एन्झाइमशी यांचा संबंध नाही) पुन्हा पुन्हा छापली जातात, निरोगी माणसात ३३ पर्यंत, आजारात ६६ पासून हजाराच्या वर. नेहमीचं सिक्वेन्सिंग हे मोजत नाही, त्यासाठी वेगळी तपासणी मागावी लागते. तोल जाणं, गुडघ्याचा झटका न येणं, पाठीला बाक आणि जाड भिंत असेल तर ती मागाच. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए बहुतेक पॅनेलांत नसतो. एम.३२४३ए>जी हा त्यातला बदल रक्तात वयानुसार विरळ होत जातो, प्रौढात लघवीच्या नमुन्यात तो जास्त खात्रीने सापडतो. एलएएमपी२ मध्ये अख्खा तुकडा गळालेला असू शकतो, म्हणून तुकडे गळणं-दुप्पट होणं तपासलंय का ते विचारा. जीएलएमध्ये आयव्हीएस४+९१९जी>ए हा बदल जनुकाच्या न वाचल्या जाणाऱ्या भागात खोलवर आहे आणि त्यामुळे उशिरा सुरू होणारा, हृदयापुरता फॅब्री होतो.

उलटी चूकही होते. काहीतरी सापडलं की शोध थांबतो. दक्षिण आशियाई वंशाच्या सुमारे ४ टक्के लोकांत एमवायबीपीसी३ मध्ये २५ अक्षरं गळालेली असतात. ती रिपोर्टात दिसली म्हणून तेच कारण, असं धरून समोरचे अँजिओकेराटोमा सोडून देऊ नका. 'अर्थ अनिश्चित' असा शेरा असलेल्या बदलावरून नातेवाइकांना धोका आहे किंवा नाही, असं काहीही सांगू नये. जीएलएमधला अनिश्चित बदल असेल तर लायसो-जीबी३, डोळे, लघवी आणि गरज पडल्यास बायोप्सी यांवरून निवाडा करता येतो.

काचपट्टी

बायोप्सी किंवा पडद्याचा कापलेला तुकडा याविषयी. मायेक्टमीत (जाड पडदा कापण्याच्या शस्त्रक्रियेत) काढलेला स्नायू टाकून देऊ नका, त्यात कधी कधी पहिल्यांदा फॅब्री सापडतो. तुकडा घेण्याआधीच आम्हाला फोन करा, कारण सगळा फॉर्मालिनमध्ये बुडवला तर अडचण होते. एक छोटा भाग ग्लुटाराल्डिहाइडमध्ये ठेवा, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फॅब्रीच्या पट्टेदार गुंडाळ्या त्यातच स्पष्ट दिसतात. एक भाग गोठवून ठेवा. फॉर्मालिन-पॅराफिनच्या प्रक्रियेत चरबी विरघळून जाते आणि पेशीत नुसती पोकळी उरते. तशीच पोकळी डॅनन आणि पॉम्पेतही असते. मागणीपत्रावर 'काँगो रेड (अमायलॉइड दाखवणारा रंग) करा' असं लिहा. ध्रुवित प्रकाशात सफरचंदी हिरवी चमक दिसली की अमायलॉइड नक्की, पण कोणत्या प्रथिनाचं ते मास स्पेक्ट्रोमेट्रीवरून ठरवावं. इम्युनो-रंगांवर विसंबल्यास एएल आणि ट्रान्सथायरेटिनची अदलाबदल होऊ शकते.

स्पंदन

औषधांचं एवढं लिहून माझी बाजू संपवतो. निदान लागेपर्यंत मॅव्हाकॅम्टेन सुरू करू नका. ते सार्कोमिअरचं आकुंचन कमी करतं आणि अडथळा असलेल्या हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीसाठी आहे. साठवणीच्या आणि अमायलॉइडच्या आजारांना त्याच्या चाचण्यांतून वगळलेलं होतं. अमायलॉइडमध्ये व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम ही ठोके मंदावणारी औषधं टाळा, बीटा ब्लॉकर जपून द्या, कारण ताठ जवनिका दर ठोक्याला थोडंच रक्त फेकते आणि रुग्ण नाडीच्या वेगावर तग धरून असतो. मायटोकॉन्ड्रियाचा संशय असेल तर फिटसाठी व्हॅल्प्रोएट आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन देण्याआधी तज्ज्ञांना विचारा. टॅफामिडिस, अकोरामिडिस आणि व्हुट्रिसिरान ट्रान्सथायरेटिनचा वेग कमी करतात, बसलेलं अमायलॉइड धुऊन काढत नाहीत.

पॅनेल निगेटिव्ह आलेल्यांची फाइल बंद करू नका. दोन-तीन वर्षांनी जुना डेटा प्रयोगशाळेकडून पुन्हा वाचून घ्या आणि दर भेटीत पीआर अंतर, लघवीतलं प्रथिन आणि ऐकू येणं हे तीन पुन्हा तपासा.

पहिली_पायरी

वंशावळीचे प्रश्न आणि तीन रक्त-लघवी तपासण्या एका पानावर उतरवून घेतल्या. एक राहिलं: ज्या घरात बदल सापडलाय तिथल्या नातेवाइकांना पुन्हा अख्खं पॅनेल करावं लागतं का?

वंशवेल

नाही. फक्त तो एक बदल तपासायचा, त्यासाठी पहिल्या रुग्णाच्या रिपोर्टची प्रत नमुन्यासोबत पाठवा, नुसतं आजाराचं नाव चालत नाही. आधी समुपदेशन, मग रक्त. बदल नसलेल्या नातेवाइकाला पुढे इको करत बसायची गरज राहत नाही.